बाहेरमठाचा रिकामा मंडप

वैशाखातल्या पौर्णिमेला कवठदऱ्याच्या टेकडीवर जो पहिल्यांदा येतो, तो हमखास चुकतो. इतक्या पायऱ्या चढून, घामाने निथळत आलेला पाहुणा समोर दगडी मंडप बघतो, आतली गार फरशी बघतो आणि चपला काढून सरळ आत जाऊन टेकतो. मग त्याच्या लक्षात येतं की आत आपण एकटेच आहोत. चाळीस खांबांचा मंडप, तीनशे माणसं आरामात मावतील असा, आणि सगळी माणसं मात्र बाहेर उन्हात, तापलेल्या दगडांवर, डोक्यावर उपरणं नाहीतर पदर घेऊन बसलेली. पोथी बाहेर, वाचणाराही बाहेर. त्याला कोणी ऊठ म्हणत नाही. थोड्या वेळाने तो आपणच ओशाळून बाहेर येतो, आणि कोणीतरी सरकून त्याला जागा करून देतं.

सरकारी नकाशात या जागेचं नाव वेगळं आहे, पण ते कोणाला धड सांगता येत नाही. बाहेरमठ म्हटलं की एसटीचा कंडक्टर बरोबर तिकीट फाडतो. मठ बाहेर का, असं खाली चहाच्या टपरीवर विचारलंत तर एक जण सांगेल की मंडपात नाग आहे. नाग नाही. दुसरा सांगेल की बांधणाऱ्या पाथरवटाचा शाप आहे. पाथरवटाचं इथे कोणी काही वाकडं केलं नव्हतं, तो बिचारा हसतखेळत घरी गेला. टेकडीवरची जुनी माणसं जे सांगतात ते निराळंच आहे, आणि ते ऐकायला थोडी सवड काढावी लागते.

नऊ-दहा पिढ्या झाल्या असतील. या टेकडीवर थोरले बुवा राहत होते. त्यांचं पाळण्यातलं नाव कोणालाच माहीत नाही. घरदार सोडून आलेली साठ-सत्तर बाया-माणसं त्यांच्याबरोबर राहत. भिक्षा मागावी, एक वेळ जेवावं, नामस्मरण करावं, एवढाच त्यांचा संसार. बुवांनी या लोकांसाठी एकवीस नेम सांगितले. बुवांचं बोलणं जुन्या वळणाचं, शब्द जडजड, पण ते हयात होते तोवर कोणाचं काही अडलं नाही. एखादा नेम कळला नाही तर बुवा कसे वागतात ते बघायचं आणि तसं वागायचं. मग बुवांनी देह ठेवला. नेम राहिले, शब्द राहिले, आणि बघायला समोर कोणी उरलं नाही.

सगळ्यात मोठी पंचाईत अकराव्या नेमाने केली. अकरावा नेम असा होता: 'अनुसक्ताने द्वाराबाहेर बसावे.' अनुसक्त म्हणजे कशात तरी जीव जडलेला माणूस, इतकं सगळ्यांना समजत होतं. पण किती जडला म्हणजे जडला? बुवांमागे मंडप बांधून झाला होता, त्याला दार होतं, त्यामुळे बाहेर म्हणजे कुठे हेही ठरून गेलं होतं. आणि मागच्या लोकांनी आपल्या पदरची एक भर घातली होती. बाहेर बसलेल्याने त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, टेकडी उतरून जायचं आणि पुन्हा वर यायचं नाही. हे नेमात कुठेच नव्हतं, पण रिवाज पडला होता, आणि रिवाज मोडायची छाती कोणाला होत नाही.

मग काय, ज्याला त्याला दुसऱ्याचा जीव कशात जडलाय ते दिसायला लागलं. एक गोसावी झाडाखाली बसून वासराची मान खाजवत होता, त्याला खाली पाठवलं. माहेरच्या गावाहून आलेल्या भिक्षेकऱ्याला एका बाईने सहज विचारलं, "तिकडं पाऊस झाला का?" तिलाही पाठवलं. असं होता होता दोन वर्षांत नऊ माणसं टेकडी उतरली. राहिलेली एकमेकांकडे बघून हसेनाशी झाली. कोणी आजारी पडलं तर शेजारचा माणूस आधी मागे वळून बघायचा, कोणी पाहत तर नाही ना, आणि मग पाणी द्यायचा.

येसोबुवा तेव्हा महंत होते. करारी माणूस, पण मनाने वाईट नव्हते. त्यांनी ठरवलं की हे असं डोळ्यांच्या अंदाजाने चालणार नाही. नेमांतल्या प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ पक्का करायचा, तो पोथीत लिहायचा, आणि मग कोणी कोणाकडे बोट दाखवायचं नाही. पौर्णिमेच्या वाचनात नेम आणि अर्थ वाचला जाईल, ज्याला तो लागू पडतो त्याने आपण होऊन उठायचं. हे काम त्यांनी म्हाळोजीला सांगितलं.

म्हाळोजी शास्त्र्यांच्या घरात वाढलेला, तिशीच्या आतबाहेरचा, अंगाने काटकुळा. शब्द काट्यावर तोलल्याशिवाय तो पाणीसुद्धा मागत नसे, म्हणे. मंडपामागच्या कपारीत बसून तो दिवसभर टिपणं करी. एका शब्दाचे पाच अर्थ मांडायचा, चार खोडायचा, पाचवा सभेपुढे ठेवायचा. सभा "मान्य" म्हणाली की तो बोरूने पोथीत उतरवायचा, आणि एकदा उतरला की त्यावर खाडाखोड नाही. पोथीत खाडाखोड झाली तर नेमांनाच तडा गेला असं ती माणसं मानत.

त्याचे अर्थ चोख असत. 'एकभुक्त' म्हणजे एका बैठकीत खाल्लेलं अन्न, मध्ये उठलं तर बैठक मोडली. हा अर्थ मान्य झाला त्याच दिवशी एका म्हाताऱ्या गोसाव्याला दुसऱ्या घासाला ठसका लागला, तो पाण्यासाठी उठला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहिला. लोक आतल्या आत हसले. 'शेष' म्हणजे पंगत उठल्यावर उरलेलं अन्न, ते टेकडीवर राहता कामा नये, खाली गुरांना गेलं पाहिजे. तेव्हापासून पंगत उठली की टोपली खाली जायची आणि टेकडीवर दाणा शिल्लक राहत नसे. म्हाळोजीला या चोखपणाचं समाधान वाटे. शब्दाला एवढीशीही फट ठेवली नाही तर त्या फटीतून कोणाला बाहेर ढकलता येणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

वैशाख शुद्ध अष्टमीला तो अकराव्या नेमाशी येऊन पोहोचला. मनातलं कोणाला दिसत नाही, म्हणून मनावर अर्थ बसवायचा नाही, हातावर बसवायचा, असा त्याने विचार केला. हात दिसतो. त्याने सभेपुढे वाचलं:

'जो कोणा एकासाठी काही राखून ठेवतो, तो अनुसक्त.'

सभेत सुटकेचा निःश्वास ऐकू आला. वासराला खाजवणं यात बसत नव्हतं, पाऊस विचारणं यात बसत नव्हतं. या टेकडीवर कोणाकडे काही नाही, मग राखून कोण ठेवणार? "मान्य," सभा म्हणाली. "मान्य, मान्य," येसोबुवा दोनदा म्हणाले, कारण ते खूश झाले होते. म्हाळोजीने तिथेच बसून अर्थ पोथीत उतरवला.

तो आपल्या कपारीत परतला तेव्हा दुपार कलली होती आणि त्याला कडकडून भूक लागली होती. नेहमीप्रमाणे पंगत त्याची चुकली होती. पंगतीला वेळेवर जाणं त्याला तीन वर्षांत जमलंच नव्हतं. कोनाड्यात नेहमीप्रमाणे पितळेचं वाडगं पालथं घातलेलं होतं. त्याने ते उचललं. खाली ज्वारीची भाकरी, तिच्यावर लाल चटणी, आणि कुस्करून ठेवलेला कांदा.

घास तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

तीन वर्षं तो ही भाकरी खात होता. ती तिथे असते, एवढंच त्याला माहीत होतं, जसा कोनाडा असतो तशी. पंगत उठल्यावर टेकडीवर अन्नाचा कण उरत नाही, हे त्यानेच लिहिलं होतं. मग ही भाकरी कुठून येत होती? पंगत बसायच्या आधीच कोणीतरी आपल्या वाट्यातली काढून ठेवत असणार. अन्नाचा अर्थ लिहिणाऱ्याने आपल्याच पुढ्यातल्या अन्नाकडे पाहिलं नाही, असं ते झालं होतं. आणि कोणी ठेवली असेल, हे विचारायचीही गरज नव्हती. कांदा असा मुठीने फोडून कुस्करणारी टेकडीवर एकच होती.

तिचं नाव सजनाई. सत्तरी उलटलेली, कमरेत वाकलेली, थोरल्या बुवांबरोबर पहिल्या दिवशी टेकडी चढलेल्या माणसांपैकी उरलेली दोघंच, त्यांतली एक. चूल तिच्याकडे होती, म्हणून ती अर्थाच्या सभांना कधी येत नसे. तिला खाली कोणी नव्हतं. ज्या गावाहून ती आली ते गाव पुरात वाहून गेलं होतं. खोटं बोलणं तिला येत नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत तिने एकही नेम मोडला नव्हता. पौर्णिमेच्या वाचनाला मात्र ती यायची, सगळ्यांनाच यावं लागे. अर्थ ऐकला की ती उठणार, बाहेर जाऊन बसणार आणि संध्याकाळी काठी टेकत उतरायला लागणार, हे म्हाळोजीला त्या क्षणी समोर लिहिल्यासारखं दिसलं. भाकरी त्याने परत ठेवली आणि वाडगं पालथं घातलं.

पौर्णिमेला सात दिवस होते.

पहिल्या दिवशी तो चुलीपाशी गेला. सजनाई फुंकणीने जाळ करत होती. "आई," तो म्हणाला, "उद्यापासून माझ्यासाठी कोनाड्यात काही ठेवू नका."

"मंग खाशील काय, शाई?" ती वर न बघता म्हणाली.

"मी पंगतीला येत जाईन."

"तीन वर्षं ऐकायले मी हे," सजनाई म्हणाली, आणि पुन्हा फुंकणीला लागली.

तो खरंच दुसऱ्या दिवशी पंगतीला गेला, सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. तरी कोनाड्यात भाकरी होतीच. एका दिवसाच्या शहाणपणावर विश्वास ठेवणारी ती नव्हती. त्याने ती भाकरी गुरांच्या टोपलीत टाकली. तिसऱ्या दिवशी तिने टोपलीत ती पाहिली असावी, कारण चौथ्या दिवशी भाकरीवर तूप होतं. लेकरू जेवत नाही, काहीतरी बिघडलंय, असं तिने ठरवलं होतं. तिला थांबवावं म्हणून तो जे जे करी त्याने ती आणखी काळजीत पडे.

सरळ सांगून टाकावं, असं तुम्हाला वाटेल. त्यालाही वाटत होतं. पण काय सांगणार? पौर्णिमेला उठू नका, गप्प बसून राहा? हे तिला सांगणं म्हणजे सत्तर वर्षांच्या सरळ बाईला खोटं शिकवणं. आणि अर्थ आधीच सांगितला तर ती पौर्णिमेची वाटही न बघता त्याच दिवशी गाठोडं बांधेल, हीसुद्धा भीती. रोज तो चुलीपर्यंत जाई आणि "पाणी आहे का" असं काहीतरी विचारून परत येई.

पाचव्या दिवशी त्याने येसोबुवांना गाठलं. अर्थ पुन्हा सभेपुढे ठेवता येईल का, असं विचारलं.

"मान्य झालेला अर्थ?" येसोबुवांनी जपाची माळ थांबवली. "तूच तर म्हणालास की याला फट नाही."

"फट नाही महाराज. म्हणूनच भीती वाटते."

"कोणासाठी?"

नाव घेतलं तर ती आजच बाहेर. नाव न घ्यावं तर मागण्याला कारणच उरत नाही. येसोबुवांना काही कळलं की नाही, कोणास ठाऊक. "पोथीत खाडाखोड होत नाही," एवढंच ते म्हणाले आणि माळ पुढे ओढू लागले.

शेवटचा आधार म्हणून तो भानोबांकडे गेला. थोरल्या बुवांना पाहिलेलं दुसरं माणूस म्हणजे हे भानोबा, आता डोळे गेलेले. म्हाळोजीने विचारलं, "बुवा तो अकरावा नेम सांगायचे तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? तुम्ही ऐकलंय ना?"

"ऐकलंय की," भानोबा म्हणाले. "शब्द आजबी कानात हाय. पण अर्थ आम्ही कधी इचारलाच न्हाई बाबा. ते व्हते ना समोर."

म्हाताऱ्याला आणखी काही आठवेना. म्हाळोजी परत आला. सहावा आणि सातवा दिवस त्याने कपारीत बसून काढला. त्या अर्थाला जोडता येईल असं एखादं वाक्य सापडतं का, ते तो शोधत होता. 'भुकेल्यासाठी ठेवलं तर चालेल' असं लिहिलं, तर ज्याला त्याला आपला माणूस भुकेला वाटेल. 'एकदाच ठेवलं तर चालेल' असं लिहिलं, तर सजनाई तीन वर्षं ठेवत होती. 'वृद्धाने ठेवलं तर चालेल' असं लिहिताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. प्रत्येक टिपण त्याने फाडलं. एवढं चोख काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते मोडायला त्याला एक शब्द सापडत नव्हता.

पौर्णिमा उजाडली. वैशाखातलं ऊन सकाळीच टेकडीवर उतरलं, दगड तापले, म्हणून सगळे मंडपात गारव्याला येऊन बसले. येसोबुवा खांबाशी, भानोबा त्यांच्या उजवीकडे, बाया डावीकडे. सजनाई सगळ्यात मागे, दाराच्या जवळ, कारण चुलीवर आधण होतं आणि तिला मध्येच जाऊन बघायचं होतं. तिच्या मनगटाला पीठ लागलेलं होतं. म्हाळोजी पोथी उघडून बसला. दहा नेम त्याने वाचले. आवाज चिरका निघत होता. माणसांना वाटलं, उपासाने असेल.

अकरावा नेम आला. त्याने नेम वाचला. मग अर्थ वाचला. सभा जे मान्य झालं तेच पुन्हा ऐकत होती.

मागून सजनाईचा आवाज आला. "पुन्ना वाच रं, बाळा."

त्याने पुन्हा वाचला. 'जो कोणा एकासाठी काही राखून ठेवतो, तो अनुसक्त.'

"भाकर ठिवली तरी?"

येसोबुवांनी डोळे मिटले. "ज्याने त्याने आपलं पाहावं, सजनाई," ते म्हणाले. त्यांनीच घातलेला दंडक होता, त्यांना दुसरं काही म्हणता आलं नसतं.

सजनाईने थोडा विचार केला. वाद घालावा, कोणाचं नाव सांगावं, असं तिच्या मनात आलेलं दिसलं नाही. ती काठीवर भार देऊन उठली. "मंग मी बसते भाईर," ती म्हणाली. उंबऱ्याशी थांबून शेजारच्या बाईला तिने सांगितलं, "आधणाकडं बघ गं," आणि बाहेर जाऊन दारासमोरच्या उघड्या दगडावर डोक्यावरून पदर घेऊन बसली.

नेमाप्रमाणे म्हाळोजीने बारावा नेम वाचायला हवा होता. पान समोर होतं, अक्षरं त्याच्याच हातची होती, पण त्याला ती लागेनात. दारातून त्याला ती दिसत होती. उन्हाने तिने डोळे बारीक केले होते. सूर्य मावळायला अजून तीन प्रहर होते आणि नंतर पायऱ्या होत्या, आणि तिला त्या उतरता येणार नव्हत्या. सात दिवस ज्या गोष्टीला तो घाबरला ती होऊन गेली होती. तेव्हा, म्हणे, त्याची भीती एकदम गेली आणि नुसतं दुःख उरलं.

तो पोथी हातात घेऊन उभा राहिला. "महाराज," तो म्हणाला, "हा अर्थ मलाही लागू पडतो."

"तू काय राखून ठेवलंस?"

"हा अर्थच. सात दिवस ठाऊक होतं मला की तो तिला लागणार. एका तिच्यासाठी म्हणून तो मी तिच्यापासून राखून ठेवला. ती माझ्यासाठी भाकरी ठेवत होती." त्याने पोथी मिटली. "तिच्याशिवाय मला इथे राहवणार नाही. यापेक्षा सोपा अर्थ मला येत नाही."

तो बाहेर गेला आणि सजनाईच्या शेजारी बसला.

"तू कशाला आलास?" ती वैतागली. "ऊन हाय. आत जा."

"बसतो इथेच."

"डोक्यावर तरी घे काही," ती म्हणाली, आणि आपल्या पदराचं टोक तिने त्याच्या डोक्यावर ओढलं.

हे आतल्या सगळ्यांनी पाहिलं. यानंतरचं सांगताना जुन्या माणसांचा आवाज अजून खाली येतो. भानोबा म्हणाले, "मला कोणी भाईर न्या." काय झालं, असं विचारलं तर म्हणाले, "थोरल्या बुवांची बसायची जागा मी अजून रोज झाडून ठिवतो. येतील म्हून न्हाई. ठिवतो." त्यांना धरून नेणारा परत आत आलाच नाही, तोही तिथेच बसला. एका बाईने माहेरच्या भाच्यासाठी विणलेलं टोपडं वळकटीत ठेवलं होतं, ती उठली. वासराचा गोसावी गेल्यावर एका माणसाने त्या वासरासाठी रोज मूठभर कडबा बाजूला काढला होता, तो उठला. काही जणांनी कारण सांगितलं, बहुतेकांनी नाही. एकेक करून सगळे उठले, आणि कोणालाही दुसऱ्याने उठवलं नाही.

शेवटी मंडपात येसोबुवा एकटे राहिले. चाळीस खांब आणि एक माणूस. ते किती वेळ बसले याबद्दल एकमत नाही. कोणी घटकाभर म्हणतात, कोणी ऊन पार डोक्यावर येईपर्यंत. बाहेरची माणसं दाराकडे बघत होती आणि त्यांच्या जिवाची घालमेल होत होती, कारण महंतांनी आतून नुसतं "उतरा" म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्खा मठ रस्त्यावर आला असता.

येसोबुवा उठले. उंबरा ओलांडला. त्यांनी काय राखून ठेवलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. ते सजनाईच्या पलीकडे दगडावर बसले, चटका बसला तसे जरा सावरले, आणि म्हाळोजीला म्हणाले, "बारावा नेम वाच."

एकाने भीत भीत विचारलं, "महाराज, मग आज टेकडी कोणी उतरायची?"

"ज्याचा कशातच जीव नाही, त्याने आत जाऊन बसावं," येसोबुवा म्हणाले, "आणि तिथून आम्हाला सांगावं."

कोणी आत गेलं नाही. राहिलेले नेम उन्हात वाचून झाले. मग येसोबुवांनी म्हाळोजीला सांगितलं की अर्थावर खाडाखोड करायची नाही, तो बरोबरच आहे. फक्त आज जे जे बाहेर आले त्यांची नावं त्याच्याखाली लिहून ठेव. खाली गेलेल्या नऊ जणांना शोधायलाही माणसं पाठवली. त्यांतली सहा सापडली, चार परत आली.

सजनाई त्यानंतर सहा वर्षं टेकडीवर होती. ती इथेच गेली.

आजही वैशाखी पौर्णिमेला अकरावा नेम आणि त्याचा अर्थ जसाच्या तसा वाचतात, एकही अक्षर न बदलता, आणि ऐकणारे सगळे बाहेर बसलेले असतात. वाचन संपलं की पोथी बघायला देतात. अर्थ एका ओळीचा आहे आणि खाली चौसष्ट नावं आहेत. पहिलं नाव सजनाईचं, म्हाळोजीच्या सुबक अक्षरात. तिसऱ्यापासून पुढची सगळी नावंही त्याच्याच हातची. मधलं दुसरं, म्हणजे म्हाळोजीचं स्वतःचं नाव मात्र वाकडंतिकडं आहे, ओळ सोडून वर गेलेलं, शाई दोन ठिकाणी सांडलेली. ती जागा त्याने मोकळी ठेवली होती, म्हणे, आणि ते नाव सजनाईने लिहिलं. तिला अक्षरओळख नव्हती. तेवढं एकच नाव लिहायला ती म्हातारपणी शिकली.